पुणे की बेंगळूर? ऑफर स्वीकारण्याआधी शहर बघून या

महामार्गाने मोजलं तर बेळगावहून पुणे साधारण ३४० किलोमीटर आणि बेंगळूर ५०० किलोमीटर. आपल्या भागातल्या बहुतेक इंजिनिअर मुलामुलींचं पुढचं आयुष्य या दोन आकड्यांपैकी एकाशी जोडलं जातं. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, हट्टरगीचा एअरोस्पेस प्रकल्प, यामुळे मेकॅनिकलवाल्यांना गावाजवळ थोडाफार वाव आहे. सॉफ्टवेअरचं तसं नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून बेळगावातच आहे, म्हणजे बीईची पदवी घराजवळ मिळते. नोकरीसाठी मात्र बॅग भरावी लागते.

मग घरात चर्चा सुरू होते. "पुणं आपलं, भाषेचा प्रश्न नाही, आत्या आहे तिथं" हा एक पक्ष. "बेंगळूरला पगार चांगला, कंपन्या जास्त" हा दुसरा. दोन्ही पक्षांचं बोलणं ऐकलं की लक्षात येतं, ज्या शहरावर वाद चालला आहे ते नोकरदाराच्या नजरेनं कुणी बघितलेलंच नसतं. लग्नाला जाऊन दगडूशेठचं दर्शन घेऊन आलेलं पुणं वेगळं आणि सकाळी नऊ वाजता ऑफिसला निघालेलं पुणं वेगळं.

पूर्वी मुलाखतीच्या निमित्तानं तरी शहरात जावं लागायचं. आता तिन्ही फेऱ्या लॅपटॉपवर होतात, एचआरशी फोनवर बोलणं होतं आणि ऑफर मेलमध्ये येते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पगाराचा आकडा ठरला की होकार देण्याआधी तीन दिवस त्या शहरात राहून या. मी दोन्ही शहरांत असे दिवस काढले आहेत. जायचं ते शनिवार-रविवारी नाही, मंगळवार ते गुरुवार. शहराचा खरा चेहरा तेव्हाच दिसतो.

पुणे: हिंजवडीची बाजू आणि खराडीची बाजू

"पुण्यात नोकरी" हे अपुरं वाक्य आहे. हिंजवडी शहराच्या पश्चिमेला, खराडी पूर्वेला. मधलं अंतर २५-३० किलोमीटर आणि मध्ये अख्खं शहर. ऑफर लेटरवर नुसतं 'पुणे' लिहिलं असेल तर ऑफिस नेमकं कुठे, हे आधी विचारून घ्या. हिंजवडी असेल तर फेज कोणता तेही विचारा. फेज एक हमरस्त्याच्या जवळ आहे, फेज तीन पार आत माणच्या बाजूला.

पहिल्या दिवशी वाकडला मुक्काम करा आणि सकाळी साडेआठला भूमकर चौकातून हिंजवडीच्या शिवाजी चौकाकडे निघा. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं. गाडीत बसल्यावर ते किती लांब आहे ते कळतं. पावसाळ्यात गेलात तर आणखी चांगलं, कारण रस्त्यावर पाणी साचलं की काय होतं ते एकाच सकाळी समजेल. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो कुठवर आली आहे तेही स्वतः बघून घ्या. घरमालक आणि दलाल "स्टेशन इथंच होणार" असं सांगतात. तुम्हाला भाडं भरायचंय ते आजच्या रस्त्याचं.

दुसऱ्या दिवशी खराडीकडे जा. वनाझहून येणारी मेट्रो रामवाडीपर्यंत जाते, तिथून पुढे रिक्षा किंवा बस. नगर रस्त्याची संध्याकाळ एकदा अनुभवावी. मात्र पुणे स्टेशन आणि विमानतळ या बाजूनं जवळ पडतात.

आता बेळगावच्या माणसासाठी खास गोष्ट. मुंबई-बेंगळूर महामार्ग पुण्याला वळसा घालून वाकड, बाणेर, चांदणी चौक, वारजे, नवले पूल असा जातो. आपल्याकडे येणाऱ्या खासगी बसेस याच रस्त्यावर प्रवासी घेतात. म्हणजे पश्चिम पुण्यात राहणारा माणूस शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर बॅग घेऊन पुलाखाली उभा राहिला की पहाटे घरी. खराडीवाल्याला आधी शहर पार करावं लागतं. त्याला रेल्वे सोयीची पडते. २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारतही बेळगावमार्गे धावते, पण ती रोज नाही. सातारा ते कागल पट्ट्यात सहापदरीकरणाचं काम बरीच वर्षं रेंगाळलं आहे, त्यामुळे बसवाला सांगतो त्या वेळेत तासभर मिळवून धरा.

बेंगळूर: शहर कुठून सुरू होतं ते बघा

बेंगळूरला आपण शिरतो ते तुमकूर रस्त्यानं. पीण्या, यशवंतपूर, मग मॅजेस्टिक. आपल्या दृष्टीनं ही 'घराकडची' बाजू. आणि नोकऱ्या बहुतेक पलीकडे: दक्षिणेला इलेक्ट्रॉनिक सिटी, पूर्वेला व्हाइटफील्ड, मध्ये बाहेरचा रिंग रोड. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर झोपून सकाळी उतरलेला माणूस ताजातवाना असतो. पुढे ऑफिसपर्यंत जाताना तो दमतो.

इथं मेट्रोनं बरंच बदललं आहे. जांभळी मार्गिका २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये व्हाइटफील्डपर्यंत सलग सुरू झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही पिवळी मार्गिका आली, ती सिल्क बोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटीवरून जाते. आर. व्ही. रोडला हिरव्या मार्गिकेत बदललं की थेट यशवंतपूर. त्याच महिन्यात बेळगाव-बेंगळूर वंदे भारतही सुरू झाली. म्हणून बेंगळूरला घर बघताना पहिला प्रश्न मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जाता येतं का, हा असावा. दुसरा प्रश्न पाण्याचा. २०२४ च्या उन्हाळ्यातली टंचाई सगळ्यांनी बातम्यांत पाहिली. इमारतीच्या वॉचमनला "टँकर किती येतात?" असं सहज विचारा. दलालापेक्षा तो खरं सांगतो. पुण्यातही हा प्रश्न विचारायला विसरू नका.

भाडं, डिपॉझिट आणि भाषा

बेंगळूरला दहा महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट मागायची जुनी पद्धत आहे. आता अनेक ठिकाणी ते कमी झालंय, तरी पुण्याच्या दोन-तीन महिन्यांच्या मानानं जास्तच. पहिला पगार हातात येण्याआधी ही रक्कम उभी करावी लागते. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार असतो आणि त्याची नोंदणी सक्तीची आहे; ती ऑनलाइन होते. "कशाला नोंदणी, आपण घरचेच" असं म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे नाही म्हणा. दलालाचं एक महिन्याचं भाडं हिशेबात धरा. बेंगळूरचा पगार दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त दिसला तरी डिपॉझिट आणि प्रवास वजा केल्यावर तो किती उरतो, हे कागदावर मांडून बघा. कधी तो पुण्याच्या बरोबरीला येतो, कधी खरोखरच जास्त उरतो.

भाषेबद्दलचा आपला अंदाज मात्र तिथं जाऊन बराच बदलतो. पुण्यात मी "बेळगावचा" म्हटलं की समोरचा विचारायचा, "मग तुम्हाला कानडी येत असेल ना?" आणि माझ्या 'व्हय'वर हसायचा. बेंगळूरला घर बघताना मी शाळेत शिकलेली, हुबळी-धारवाडच्या धाटणीची कानडी बोललो. घरमालक आजोबा खुर्चीत सावरून बसले आणि पुढच्या वेळी कुंदा आणायचा हुकूम सोडला. भाडं त्यांनी कमी केलं नाही, पण चहा झाला. पुण्यात आपण पूर्ण पुणेरी नसतो आणि बेंगळूरला पूर्ण परके नसतो. 'आपलं' आणि 'परकं' हे शब्द घरात बसून वापरायला सोपे आहेत.

कागदावर काय बघायचं

फिरून आलात की ऑफर लेटर पुन्हा वाचा. आठवड्यातले किती दिवस ऑफिसला यावं लागेल, शिफ्ट कोणती, रात्रीच्या शिफ्टला कॅब आहे का, कंपनी दुसऱ्या शहरात बदली करू शकते का, हे लेखी विचारा. स्थलांतराचा भत्ता देत असतील तर वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत मागतात का, ते कलम शोधा. सीटीसीच्या आकड्यात पीएफचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा सगळं मिळवलेलं असतं. महिन्याला हातात किती येणार ते वेगळं विचारा. सध्याच्या नोकरीची नोटीस ९० दिवसांची असेल तर नवी कंपनी घाई करते. तरीही विचार करायला आठवडाभर मागितला तर बहुतेक एचआर देतात. हा आठवडाच तुमच्या तीन दिवसांसाठी आहे.

जाण्याआधी मंडळात चौकशी करा. दोन्ही शहरांत आपल्यापैकी बरेचजण आहेत आणि एक-दोन रात्री सोफा द्यायला कुणी नाही म्हणत नाही. त्यांच्याबरोबर एकदा ऑफिसला जाऊन या, संध्याकाळी त्यांच्याबरोबरच परत या.

शेवटचं, आणि हे आईवडिलांसमोर बोलायला जड जातं. रात्री अकराला घरून फोन आला तर सकाळी किती वाजता दवाखान्यात पोहोचाल? पुण्याहून बहुधा उजाडताना, बेंगळूरहून सकाळी उशिरा, आणि तेही बस कुठून पकडता यावर. दोन्ही उत्तरं चालण्यासारखी आहेत. भावंडं गावात असतील तर बेंगळूर निश्चिंतपणे निवडावं. घरी फक्त दोघं असतील तर ते दीडशे किलोमीटर पगाराच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावेत. हा हिशेब होकार देण्याआधी घरच्यांसोबत बसून करा. त्यांनाही बोलायचं असतं, फक्त विषय कुणी काढायचा हे ठरत नाही.