घराण्यातला कर्करोग: जनुकाआधी काय विचारावे

आजीला अन्ननलिकेचा आणि तिच्या मुलाला जठराचा कर्करोग झाला, की पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावातच काय, कुठेही ‘हे त्यांच्या घराण्यातच आहे’ असे म्हटले जाते. आता या समजुतीला प्रयोगशाळेची साथ मिळाली आहे. लाळेच्या नमुन्यातून जनुकांतले फरक शोधून धोका सांगणाऱ्या तपासण्या सर्रास विकल्या जातात. माझे म्हणणे असे, की घराण्यात कर्करोग असणे आणि जनुकात दोष असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कुटुंब डीएनएखेरीज पुष्कळ काही पुढच्या पिढीच्या हवाली करते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून, विशेषतः आईकडून जठरात येतो आणि औषध न घेतल्यास सहसा जन्मभर मुक्काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला कर्करोगकारक ठरवले. मशेरीही अशीच आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे येते. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दातांना घासताना तिच्यातली नायट्रोसामाइन्स लाळेबरोबर अन्ननलिकेत उतरतात. धूर न काढता घेतलेल्या तंबाखूनेही अन्ननलिकेचा कर्करोग होतो, हे याच संस्थेने नोंदवले आहे.

यावर कोणी म्हणेल, मशेरी लावणाऱ्या अनेकजणींपैकी एखादीलाच कर्करोग का होतो? फरक जनुकांचाच ना? काही अंशी होय. पण जनुक एकट्याने किती काम करते, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासातून चांगले दिसते. जठराच्या कर्करोगाचे दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे अडतीस हजार निरोगी माणसे त्यात होती. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या बीआरसीए २, एटीएम यांसारख्या जनुकांत दोष आणि जोडीला पायलोरीचा संसर्ग, असे दोन्ही असणाऱ्यांना वयाच्या ८५ वर्षांपर्यंत जठराचा कर्करोग होण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या आसपास निघाली. संसर्ग आहे पण दोष नाही, त्यांची १४ टक्के. संसर्गच नसलेल्यांची पाचच्याही खाली. म्हणजे जिवाणू नसेल तर सदोष जनुकाची धारही बरीच बोथट होते. हे आकडे मात्र जसेच्या तसे आंबेगावला लावता येणार नाहीत. भारतात हा संसर्ग भरपूर, तरी जठराचा कर्करोग जपानच्या मानाने कमी. या कोड्याचा उलगडा अजून झालेला नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना प्रतिजैविके देणे मला पटत नाही. रुग्णाच्या आईवडिलांची, भावंडांची, मुलांची तपासणी करून संसर्ग आढळल्यास उपचार करणे मात्र रास्त आहे.

बाजारातल्या अहवालांत जीएसटीएम १ सारख्या जनुकांचा बराच गाजावाजा असतो. विषारी द्रव्यांचा निचरा करणारे हे जनुक भारतात पाव ते एक तृतीयांश लोकांत मुळातच नसते. कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेसह अनेक ठिकाणी अशा फरकांचा अभ्यास झाला आहे. रोग कसा घडतो हे समजायला तो उपयोगी आहे, पण त्यावरून एका माणसाचे भविष्य सांगणे म्हणजे कुडमुड्या ज्योतिष्याचाच उद्योग. जपान-चीनमध्ये दारू पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा एएलडीएच २ चा फरक तर आपल्याकडे दुर्मीळ आहे. अहवालात तो ‘नाही’ आला म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये.

मग जनुकतपासणी कुठेच नको का? असे नाही. १९९८ साली न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात जठराच्या कर्करोगाला कारण ठरणारा सीडीएच १ या जनुकाचा दोष सापडला. घरात तरुण वयात डिफ्यूज (गाठ न होता पसरणाऱ्या) प्रकारचा जठराचा कर्करोग झाला असेल, तर ही तपासणी समुपदेशनासह जरूर करावी. मात्र या दोषाचा धोका आधी ७० टक्क्यांपर्यंत सांगितला जाई, तो पुढे बराच खाली आला, कारण पहिले अंदाज सर्वाधिक होरपळलेल्या कुटुंबांवरून बांधले होते. आणखी एक आक्षेप वजनदार आहे: महादेव कोळी, ठाकर यांसारख्या आपापसांत सोयरीक करणाऱ्या समाजांत एखादा खास दोष पिढ्यानपिढ्या टिकलेला असू शकतो. असू शकतो. पण जीनोम इंडिया प्रकल्पात ८३ समाजांचे मिळून सुमारे दहा हजार नमुने आहेत, म्हणजे सरासरी एका समाजाचे सव्वाशेही नाहीत. हजारात एखाद्याकडे असणारा दोष त्यांत सापडायचा कसा? त्यासाठी बार्शीत १९८७ पासून चालत आलेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीसारखी नोंदणी भीमाशंकरच्या पायथ्याच्या गावांतही हवी. ती होईपर्यंत अनेक अहवालांवर ‘अर्थ अनिश्चित’ असाच शेरा येत राहील. मंचर किंवा नारायणगावच्या दवाखान्यात घास अडकतो म्हणून आलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. त्याला त्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी हवी.