पडवीतलं गॅरेज

ज्या घराच्या पडवीत गॅरेज असतं, त्या घरात काही म्हणजे काही फेकलं जात नाही. फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या निघायच्या. त्या गवताच्या भाऱ्याला लागल्या, पावसाळ्यातल्या प्लास्टिकला लागल्या, आम्हा पोरांच्या बेचक्यांना लागल्या. झिजलेली बेरिंगं फळीखाली बसवून आमची गाडी झाली. जळकं ऑइल गोठ्याच्या खांबांना गेलं, वाळवी लागू नये म्हणून. उरलेले नट-वायसर पत्र्याच्या डब्यात, 'लागतील कधीतरी' म्हणून. लागायचे खरे, पण बहुतेकदा दुसऱ्याच्याच गाडीला, आणि फुकट.

मिरजोळ्यात एमआयडीसीमुळे पाळीचे कामगार, त्यामुळे गाड्या, आणि खारं वारं नि चार महिन्यांचा पाऊस यामुळे त्यांची दुखणी. 1972 साली आलेल्या लुनापासून सगळ्या जाती त्या पडवीत येऊन गेल्या. मासळीच्या टोपल्या वाहणारी एम-एटी दारात लागली की मांजरं बाबांच्या आधी हजर. चेतकवाल्याला बाबा आधी विचारायचे, “कुशीवर घातली होतीस का?” घातलेली असायचीच. मग प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, परत लावायचा. निम्मी दुखणी एवढ्यावर बरी व्हायची आणि त्याचे पैसे मागायला बाबांना लाज वाटायची. आईला वाटत नसे.

कामाची वेळ, घरची वेळ, छंदाची वेळ असे कप्पे आमच्याकडे नव्हतेच. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी पाने पेटीत जायचे आणि बाबा वाडीतल्या पोरांना घेऊन चढणीच्या माशांना, कुर्ल्यांना निघायचे. उजेड कसला, तर कुठल्यातरी राजदूतची जुनी सहा व्होल्टची बॅटरी नि तिला जोडलेला हेडलाइटचा बल्ब. खंडेनवमीला पान्यांना, पकडीला, हवेच्या पंपाला झेंडू. जाखडीत बाबा ढोलकी वाजवायचे. टॅपेटचा आवाज ऐकणारा कान ढोलकीलाही कामी यायचा आणि हातोडीही तीच. ढोलकीच्या कडेला ग्रीसचे डाग होते, त्यावरून मंडळात कुरकुर असायची.

खरी ओढाताण गणपतीत. चाकरमानी यायचे, 1998 पासून कोकण रेल्वेने भरभरून यायचे, आणि वर्षभर प्लास्टिकखाली उभी असलेली गाडी ढकलत आमच्या दारात आणायचे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आटून चिकटलेलं, किक जाम, एअर फिल्टरमध्ये उंदराचं बाळंतपण. “मिस्त्री, एवढी चालू करून द्या, उद्या सासुरवाडीस जायचंय.” प्रत्येकाचीच सासुरवाडी उद्या. घरात मखर अर्धवट, नारळ खवायचे बाकी, आणि बाबा रॉकेलच्या परातीत. तरी मखर व्हायचंच, रात्री कधीतरी. त्याच्या दिव्यांना बाबांनी इंडिकेटरचा फ्लॅशर लावलेला. आरती चालू असताना टिक-टिक, टिक-टिक, जणू गणपती डावीकडे वळणार आहे.

राखेने आणि रॉकेलने हात धुऊनही नखं काळीच. “हात बघू आधी,” असं म्हणून आई त्यांना मोदकांच्या ताटापासून लांब बसवायची.

असं सगळं छान जमत होतं, असं आम्ही भावंडं आता सांगतो. जमवत होती आई. उधारीची वही तिच्याकडे, शिमग्यात पालखी दारी यायच्या दिवशी पडवी धुऊन काढायची ती, ‘आज नाही, परवा या’ असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची ती. बाबांना नाही म्हणता येत नसे. त्यांच्या छंदाला जो वेळ मिळाला, तो तिच्या झोपेतून निघालेला होता. तिचा छंद काय, हे आम्ही कधी विचारलं नाही. पुढे कळलं, तिला सायकल शिकायची होती. गाड्यांनी भरलेल्या त्या पडवीत सायकल मात्र एकही नव्हती.

आता गॅरेज धाकटा भाऊ बघतो. एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-सिक्स आल्या, कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. प्लग काढण्याआधी भाऊ स्कॅनर जोडतो. रविवारी बंद अशी पाटी त्याने लावली आहे आणि ती पाळतोही. त्या दिवशी पोरांना घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर क्रिकेट. बाबांना हे पटत नाही. “गाडी काय रविवार बघून बंद पडते?” असं ते पडवीत बसून स्वतःशीच म्हणतात, आणि पाटी वाचून परत फिरणाऱ्याला हळूच हाक मारतात.

रविवारी भाऊ जेवायला बसला की फोन वाजतोच. तो आई उचलते. “जेवतोय तो. चोक ओढून बघितलास काय?” आताच्या गाड्यांना चोक नसतो, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.