रात्रीचं औषध दिवसात होतं

2016 च्या उन्हाळ्यात लातूरच्या नळांना पाणी नव्हतं. मांजरा धरण आटलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर. घरातले ड्रम, टाक्या, घागरी भरून ठेवायच्या आणि टँकरच्या पुढच्या खेपेची वाट बघायची. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा संडासासाठी राखून ठेवायचं. त्याच दिवसांत आमचा सात वर्षांचा मुलगा जवळपास रोज रात्री अंथरूण ओलं करत होता. पाचवं सरल्यावरही त्याचं अधूनमधून व्हायचं, पण त्या उन्हाळ्यात ते रोजचंच झालं.

वाकळ धुवायची तर दोन-तीन बादल्या पाणी लागतं. म्हणून मी थर घालायला लागले. गादीवर मेणकापड, त्यावर जुन्या सुती साडीची घडी, पुन्हा मेणकापड, पुन्हा साडी. रात्री ओलं झालं की वरचे दोन थर ओढून घ्यायचे, खाली कोरडं अंथरूण तयार. मोठा दिवा लावायचा नाही, काही बोलायचं नाही, चड्डी बदलून झोपवायचं. त्याने पाणी वाचलं, सगळ्यांची झोपही वाचली. पण सकाळी तो माझ्याकडे बघायचा नाही.

मे महिन्यात त्याला घेऊन नांदेडला सासरी गेलो. चाकूर, अहमदपूर, लोहा हा आमचा नेहमीचा एसटीचा रस्ता. नांदेडच्या उन्हाळ्यात सगळं घर रात्री गच्चीवर झोपतं. चुलत भावंडं एका ओळीत अंथरुणं टाकायची. हा मात्र कठड्याशेजारचा कोपरा धरायचा आणि डोळे ताणून जागा राहायचा. शेवटी झोप अनावर व्हायची आणि मग इतकी गाढ लागायची, की ओलं झाल्याचं त्याला कळतही नसे.

शेजारच्या एका बाईंनी चटका द्यायचं भय घालायला सांगितलं. आमच्या सासूबाईंनी त्यांना तिथेच थांबवलं. त्यांनी तिळगुळाचे लाडू वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अगं माय, ह्याचा बाप चौथीपस्तोर असंच करायचा की! त्याला मी कधी बोट लावलं न्हाई.” मुलगा बापाकडे बघतच राहिला. त्या रात्री ह्यांनी त्याच्याशेजारी अंथरूण टाकलं आणि स्वतःची सगळी हकिकत सांगितली, मावशीकडे मुक्कामाला जायची कशी भीती वाटायची तेसुद्धा. पोराचे प्रश्न संपेनात. सगळ्यात मोठा प्रश्न एकच होता, “मग थांबलं कधी?”

मग त्याला डॉक्टरांकडे नेलं. नांदेडच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न रात्रीबद्दल विचारलाच नाही. शाळेत पाणी किती पितो? लघवीला किती वेळा जातो? शौचाला रोज होते का, कडक होते का? उत्तरं त्यालाच द्यायला लावली. शाळेच्या मुतारीत पाणी नाही, वास येतो, म्हणून तो दिवसभर जातच नव्हता. जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नव्हता. घरी आला की मात्र घटाघटा प्यायचा. पोट साफ होत नव्हतं, हे मलाही तिथेच कळलं. आतडं मळाने भरलेलं असलं की ते मूत्राशयावर दाबतं आणि त्यात लघवी कमी मावते, असं बाईंनी चित्र काढून दाखवलं.

लघवीची तपासणी ठीक आली. मग त्यांनी एक हिशेब दिला: वयात एक मिळवायचा आणि तिसाने गुणायचं. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 240 मिलिलिटर मावायला हवं. घरी खुणा असलेल्या प्लॅस्टिकच्या मापात आम्ही मोजलं, तर 120 च्या आसपास भरलं. मुलाला ते माप फार आवडलं. दोष आपला नाही, पिशवी लहान आहे, हे त्याला आकड्यात दिसलं.

उपाय सगळे दिवसाचे होते. सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर पाणी, संध्याकाळनंतर तहानेपुरतं. दर दोन-तीन तासांनी लघवी, घाई न करता. शौच मऊ होण्यासाठी औषध, शिवाय फळं, भाज्या, ज्वारीची भाकरी. झोपण्याआधी एकदा आणि दिवा मालवताना पुन्हा एकदा लघवी. वहीत चांदणी काढायची ती कोरड्या रात्रीसाठी नाही, तर ठरलेलं पाळल्याबद्दल, कारण पाणी पिणं त्याच्या हातात आहे, झोपेतलं नाही. पोरगा आपल्यासारखाच निघाल्याचं ह्यांनी सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या की हे घराण्यात चालतं. आई-बापांपैकी एकाला असेल तर जवळपास निम्म्या मुलांना होतं, दोघांनाही असेल तर चारांतल्या तिघांना. पाचव्या वर्षी शंभरातली सुमारे पंधरा मुलं अंथरूण ओलं करतात, दहाव्या वर्षी पाचेक. काहींच्या शरीरात रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक पुरेसं तयार होत नाही, काहींना भरलेल्या मूत्राशयाने जाग येत नाही. एवढ्याने भागलं नाही तर ओलावा लागताच वाजणारा अलार्म असतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची गोळीही असते. आम्हाला त्यांची गरज पडली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी वर्गशिक्षिकेला भेटले. हात वर केला की याला न विचारता जाऊ द्या, एवढंच मागितलं. त्यांनी लगेच मान्य केलं. आधी पोट सुधारलं, मग दिवसाचं वेळापत्रक बसलं, आणि कोरड्या रात्री हळूहळू वाढत गेल्या. मधूनच ओली रात्र यायची, तेव्हा तो स्वतःच वरचा थर ओढून ठेवायचा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात मांजरा भरलं, तोवर आम्ही एक मेणकापड काढून ठेवलं होतं.

ज्यांच्या घरी हे चालू आहे, त्यांना दोन गोष्टी सांगते. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं, त्याला फार तहान लागते, वजन घटतंय, लघवीला जळजळ होते, दिवसाही चड्डी ओली होते किंवा ते जोरात घोरतं, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि काहीही कारण असलं तरी मुलाला मारू नका, लाजवू नका. जे झोपेत घडतं ते रागावून थांबत नाही.

शिक्षकांना मात्र माझी हात जोडून विनंती आहे. शाळेत प्यायला पाणी असू द्या, मुतारी स्वच्छ असू द्या आणि तासाच्या मध्येही मुलांना जाऊ द्या. कित्येक मुलांच्या रात्री तुमच्या वर्गातून सुधारायला लागतील.