दहा हजार वेळा गळ!

मार्चपासून व्हॉट्सॲपवर शिजत असलेली ट्रिप अखेर झाली! शिकागोहून आम्ही तीन मित्र आणि माझा 15 वर्षांचा लेक विस्कॉन्सिनमधल्या हेवर्डला मस्की पकडायला गेलो. मोठ्यांनी लायसन्स काढली, 16 वर्षांखालच्यांना लागत नाही. म्हणतात, दहा हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एक मस्की लागते. दोन दिवस कोरडे. तिसऱ्या दिवशी लेकाने बोटीलगत गळ इंग्रजी आठाच्या आकारात फिरवला. भलीमोठी मस्की मागे आली, पाहिलं आणि गेली!

घरी ‘हं’ पलीकडे न बोलणारा पोरगा परतताना सात तास बोलत होता. रत्नागिरीला आजीला फोन लावला.

“मिळाला असता तर काय केलं असतंस रे?”

“सोडून दिला असता.”

“मग बिघडलं कुठं?”