तळ्याकाठचा तांबडा चतुर

आपल्या वसतिगृहामागे विहिरीचे पाझरपाणी साचून जे उथळ तळे झाले आहे, त्याच्या काठावरील पाणकणसांवर पावसाळा सरता सरता तांबडे चतुर दिसू लागतात. मुले त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. शास्त्रीय नाव क्रोकोथेमिस सर्विलिया. नराचे डोळे, छाती, उदर सारेच रक्तासारखे लाल. पंख पारदर्शक, केवळ मुळाशी मधाच्या रंगाचा डाग. आणि उदराच्या वरच्या अंगाने शेवटापर्यंत गेलेली एक बारीक काळी रेघ. ओळख पटवावी ती या रेघेवरून, कारण येथे ट्रायथेमिस अरोरा हा दुसरा लाल चतुरही येतो. त्याच्या लालीत जांभळट गुलाबी झाक असते व पंखांच्या शिराही लाल असतात.

मादी पिवळसर, कोवळा नरही पिवळाच. 2012 साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की नर लाल होतो तो अंगातील रंगद्रव्याचे क्षपण झाल्यामुळे. पिवळ्या नराला क जीवनसत्त्व टोचताच त्याचा रंग लालीकडे झुकला! दहावीला क्षपण शिकवताना मी हेच उदाहरण देतो.

या रंगाची तुलना कोणी चीवराशी केली, तर मला ती पटत नाही. चीवर त्यागाच्या संकल्पाने अंगावर येते. चतुराचा रंग वयाबरोबर येतो आणि तो मिरवीत नर काठाचा आपला तुकडा राखतो, दुसऱ्या नराला हुसकावून लावतो. त्याला भिक्खू ठरवण्यापेक्षा चतुर म्हणूनच पाहावे.

भातखाचरे, चर, डबकी, तळी, जेथे पाणी संथ, उथळ आणि उन्हात असेल तेथे तो राहतो. मादी उडता उडता उदराचे टोक पाण्यात बुडवून अंडी सोडते. पिल्लू पाण्यातच वाढते. खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून ते भक्ष्य पकडते, आणि त्या भक्ष्यात डासांच्या अळ्याही असतात. कोशावस्था नाही. वाढ पूर्ण झाली, की ते एखाद्या देठावर चढते व कात टाकून पंख पसरते.

पूर्वी मुले चतुराच्या शेपटीला दोरा बांधीत. पहिले शील रोज म्हणणाऱ्या मुलांना मी ते समजावीत असता पाचवीतील एकाने विचारले, “सर, चतुर डास खातो, मग त्याचे शील मोडते का?” मी म्हणालो, “शील आपण घेतले आहे, त्याने नाही.” त्याने थोडा विचार केला आणि दोरा सोडला.

आता डासांच्या भीतीने हे तळे बुजवावे, निदान काठ सिमेंटने बांधावा, अशी सूचना पुढे आली आहे. मुलांच्या आरोग्याची काळजी रास्तच आहे. परंतु न्हाणीघरामागचे तुंबलेले गटार, उघडी पिंपे आणि गच्चीवरचे टायर आधी पाहावेत. तेथे डासांना खाणारे कोणी नाही. काठ बांधायचाच असेल, तर पश्चिमेकडील पाणकणसे तरी राखावीत. संस्थेच्या सभासदांनी निर्णयापूर्वी एकदा सकाळी तेथे यावे. पाण्यापासून वीतभर उंचीवर, देठांना घट्ट धरून राहिलेल्या रिकाम्या काती मी दाखवीन.