मंडीत मुक्कामाला आलेला नागपूरकर

महाल, नागपूर
तान्हा पोळा

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, कमांदहून खाली मंडीत उतरलं तरी त्या गावात आपलं असं काहीच वाटत नाही." तेव्हा मी बोललो नाही, कारण सांगायची गोष्ट लांबलचक होती आणि तुला लॅबला जायची घाई होती. आता सावकाश लिहितो. तुझ्या त्या हिमाचलातल्या मंडीत आपल्या नागपूरचा एक राजा पाच-सहा वर्षं राहून गेलेला आहे.

राजा म्हणजे मुधोजी भोसले, म्हणजेच आप्पासाहेब. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला सीताबर्डीच्या लढाईपुरत्या दोन ओळी येतात. माणूस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. गादीवरचा चुलतभाऊ परसोजी १८१७च्या फेब्रुवारीत रात्री अंथरुणात मेला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते, पण कुणाच्या सांगण्यावरून काय झालं हे सगळं नागपूर जाणून होतं. इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार त्यांनीच १८१६ साली केला, आणि दीड वर्षात त्यांनाच तो गळफास वाटू लागला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई झाली. आपण १५ ऑगस्टला जो किल्ला बघायला जातो तो त्या लढाईनंतर इंग्रजांनी बांधला, हे मी तुला दरवेळी सांगतो आणि तू दरवेळी विसरतेस.

पुढचं सगळं पळापळीचं आहे. मार्च १८१८मध्ये रेसिडेंट जेंकिन्सनं त्यांना कैद केलं. अलाहाबादकडे नेत असताना मे महिन्यात, जबलपूरच्या वाटेवर, पहाऱ्यावरचे शिपाई फितवून आणि शिपायाचाच वेश करून ते निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना सांभाळलं. तिथून ते असीरगडला गेले. १८१९च्या एप्रिलमध्ये असीरगडही पडला, तेव्हा आप्पासाहेब तिथं सापडले नाहीत. सापडले ते थेट पंजाबात, १८२०च्या सुमारास, अमृतसरला.

हाताशी पैसा होता असं दिसतं. महाराजा रणजितसिंगांना आपल्या बाजूला ओढण्याचा त्यांनी बराच प्रयत्न केला. पण रणजितसिंग म्हणजे पक्का हिशेबी माणूस. १८०५मध्ये यशवंतराव होळकर असेच मदत मागायला अमृतसरला आले होते, तेव्हाही त्यांनी मध्यस्थी केली, पण लढाई अंगावर घेतली नाही. १८०९च्या तहानं सतलज ही इंग्रजांची आणि त्यांची सीमा ठरली होती. एका पदच्युत भोसल्यासाठी ती मोडण्यात त्यांना काय मिळणार होतं? त्यांनी आप्पासाहेबांना अमृतसर सोडायला सांगितलं.

मग आप्पासाहेब कांगड्याच्या राजा संसारचंदकडे गेले. तिथं जे शिजलं ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. काबूलचा माजी बादशहा शाह जमान याचा मुलगा हैदर याच्याशी त्यांनी मिळून बेत आखला. दिल्लीपासून कन्याकुमारीपर्यंतचा मुलूख जिंकायचा, गादीवर हैदर बसणार, आप्पासाहेब वजीर होणार आणि दख्खन त्यांच्याकडे राहणार! दोघांकडे मिळून एक तालुकाही नव्हता. बातमी फुटताच संसारचंदनं पाहुण्याला दुसरं दार धरायला लावलं, आणि १८२२मध्ये आप्पासाहेब मंडीला पोचले.

आता गंमत बघ. मंडीच्या गादीवर तेव्हा ईश्वरी सेन होता. याच संसारचंदनं त्याला लहानपणी पकडून बारा वर्षं नादौनला कैदेत ठेवलं होतं. १८०५च्या सुमारास गुरखे कांगड्यावर चालून आले तेव्हा कुठं त्याची सुटका झाली. म्हणजे ज्यानं आप्पासाहेबांना हाकललं त्याच्याच जुन्या कैद्याच्या राज्यात त्यांना थारा मिळाला. ईश्वरी सेनाच्या मनात काय होतं ते कुठं लिहून ठेवलेलं मी वाचलेलं नाही. पण जन्माची बारा वर्षं परक्या अंगणात काढलेल्या माणसाला परागंदा राजाचं दुःख कुणी समजावून सांगावं लागलं नसेल, असं मला आपलं वाटतं.

आणि हे करणारं राज्य होतं केवढंसं! अजबर सेनानं सोळाव्या शतकात बियासच्या काठी हे गाव वसवलं, भूतनाथाचं देऊळ त्याच वेळचं. सूरज सेनानं १६४८मध्ये सगळं राज्य माधोरायाच्या चांदीच्या मूर्तीला वाहून टाकलं. शिवरात्रीच्या जत्रेला गावोगावचे देव पालख्यांतून मंडीत येतात ते आधी त्या माधोरायाला भेटायला. सिद्ध सेनाच्या वेळी गुरू गोविंदसिंग तिथं येऊन राहिले, त्यांच्या नावाचा गुरुद्वारा तू पाहिला असशीलच. गावाला कुणी लुटू शकणार नाही असा त्यांनी आशीर्वाद दिला, असं तिथले लोक मानतात.

पण १८०९मध्ये कांगड्याचा किल्ला रणजितसिंगांच्या हाती आल्यापासून मंडी त्यांच्या लाहोर दरबाराला खंडणी भरत होती. म्हणजे लाहोरनं दाराबाहेर काढलेला पाहुणा लाहोरच्याच मांडलिकाकडे उतरला होता. रणजितसिंगांना हे ठाऊक नसेल हे शक्य नाही. माझा तर्क असा की मोठ्या दरबाराला जे उघडपणे करता येत नाही ते लहान गावाच्या आडोशानं होऊ दिलं जातं. इंग्रजांना सांगायला लाहोर मोकळं, आणि माणूसही जिवंत राहतो.

आप्पासाहेब १८२८च्या सुमारास परत अमृतसरला गेले आणि पुढच्या वर्षी जोधपूरला. तिथल्या राजा मानसिंगानं इंग्रजांचा अंकित असूनही त्यांना हवाली करायला साफ नकार दिला. १८४०मध्ये ते तिथंच वारले.

त्याच १८४० साली मंडीची पाळी आली. रणजितसिंगांचा नातू नौनिहालसिंग यानं जनरल व्हेंचुराला डोंगरी राज्यांवर धाडलं. हा नेपोलियनच्या फौजेतून आलेला इटालियन सेनानी. त्यानं राजा बलबीर सेनाला छावणीत बोलावून घेतलं आणि अडकवून अमृतसरच्या गोविंदगडात पाठवलं. कमलागड पडला, मंडीत शीख अंमल बसला. पुढच्या वर्षी लाहोरच्या गादीवर आलेल्या शेरसिंगानं बलबीर सेनाला सोडलं, पण लाहोरचा जाच खरा सुटला तो इंग्रज आणि शिखांच्या १८४६च्या तहानंतर, आणि तोही इंग्रजांच्या छत्राखाली जाऊन. पुढं मंडी संस्थान १९४८पर्यंत टिकलं. आपलं नागपूर मात्र तिसरे रघूजी निपुत्रिक वारले म्हणून १८५४मध्येच खालसा झालं.

आज दुपारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघून आलो. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या, ढोलताशांनी कान बधिर झाले, पोट्टे एकमेकांच्या खांद्यांवर चढून ओरडत होते. काळी मारबत म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना मिळालेली राणी, असं आपल्याकडे म्हणतात. बाकाबाई गावात राहिली, तिसरे रघूजी लहान असताना त्यांच्या नावानं कारभार पाहिला, म्हणून अजून दरवर्षी तिला शिव्याशाप देत जाळतात. आप्पासाहेबांच्या हातावर परसोजीचं रक्त होतं, तरी त्यांची मारबत निघत नाही. जो गावाबाहेर गेला त्याला गाव ना धड पूजतं, ना धड जाळतं. त्यांची उरलेली बावीस वर्षं अमृतसर, कांगडा, मंडी, जोधपूर अशा दुसऱ्यांच्या गावांच्या इतिहासात विखुरली आहेत. हरलेल्या माणसाचा माग काढायचा तर त्याला भाकर कुणी दिली तिथं जावं लागतं, असं मी या सगळ्यातून शिकलो. म्हणून मला सीताबर्डीइतकीच तुझी मंडीही नागपूरच्या इतिहासातली जागा वाटते.

तेव्हा आता एक काम कर. सुकेती खड्ड म्हणजे ओढा, त्याच्या काठावर राजांच्या स्मृतिशिळा उभ्या आहेत, तिथं त्यांना बरसेला म्हणतात. शिळेवर राजा बसलेला असतो आणि त्याच्याबरोबर सती गेलेल्या राण्या-दासींच्या ओळी कोरलेल्या असतात. लेख टाकरी लिपीत आहेत, ते तुला वाचता येणार नाहीत, कुणा जाणत्याला बरोबर घे. त्यांत १८२६मध्ये वारलेल्या ईश्वरी सेनाची शिळा कोणती ते विचार आणि तिचा फोटो पाठव. त्या दासींच्या ओळीही नीट बघ. आपल्या पाहुण्याला आसरा देणाऱ्या राज्याची ती दुसरी बाजू आहे, आणि आसऱ्याचं कौतुक करताना ती झाकून ठेवू नये.

मामी विचारते, थंडीचे कपडे पुरतात का. तिनं सांडगे आणि लसणाची चटणी पाठवायला काढली आहे, पत्ता नीट कळव.

तुझा
मामा