सहलीचे अंदाजपत्रक

मार्गशीर्ष लागला की बेळगावची थंडी अंगात शिरू लागते. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर वसलेले. सकाळच्या शाळेला निघालेली मुले कानटोपीतून कशीबशी डोळे बाहेर काढतात. आमच्या घरी तर या दिवसांत खोकल्याची पाळीच लागते. थोरलीचा थांबला की धाकट्याचा सुरू होतो. अशा वेळी घाटाखालच्या उबदार हवेची आठवण कोणाला होणार नाही? परंतु शिक्षकाचा पगार, दोन लहान मुले आणि दुसऱ्याच्या हातून आलेली जुनी मोटार या तिन्हींचा मेळ घालणे सोपे नव्हे, हा धडा आम्हांला 2022 साली मिळाला.

त्या डिसेंबरात आम्ही दोन दिवसांत गोव्यातील सात ठिकाणे पाहण्याचा बेत आखला होता. कागदावर तो फार सुंदर दिसत होता. चोर्ला घाटात चिरंजीवांनी सकाळचे पोहे गाडीतच परत केले. नाताळच्या गर्दीत खोलीचे भाडे अंदाजाच्या दुप्पट मोजावे लागले. पुढचे ठिकाण बंद होईल या धास्तीने, वाळूत रमलेल्या कन्येला आम्ही दंडाला धरून उठवले आणि ती रडू लागली तेव्हा चारचौघांत तिच्यावर ओरडलो. कन्या तेव्हा पहिलीत होती. जानेवारीत तिच्या वहीत ‘माझी सहल’ हा निबंध वाचला : “आम्ही गाडीत बसलो. मग बाबा रागावले. मग आम्ही घरी आलो.” शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. इतरांच्या मुलांचे निबंध तपासण्यात आमची दहा वर्षे गेली. पण त्या तीन वाक्यांखाली कोणता शेरा लिहावा, हे आम्हांला सुचले नाही.

2023 साली नाताळ सोमवारी आला. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यापासून सोमवार संध्याकाळपर्यंत अडीच दिवस हाती येत होते. दिवाळी संपताच आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसलो. तोच सौभाग्यवतींनी बजावले, “अहो, या खेपेला बेत धाकट्याच्या पावलांनी करा, तुमच्या नको.”

तद्नुसार पहिला विचार ठिकाणाचा झाला. नाताळात गोवा महाग; पण समुद्र काही गोव्याच्या सीमेपाशी थांबत नाही, आणि ऊबही थांबत नाही. तेरेखोल नदीच्या उत्तरेस, सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरोडा आहे. आंबोलीमार्गे ते सुमारे सव्वाशे किलोमीटर. उंचीवरून खाली उतरताना हवा दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उबदार होत जाते, हे आम्ही भूगोलात शिकवतो. शिवाय जमीन लवकर निवते, समुद्र सावकाश निवतो. त्यामुळे किनाऱ्यावरची रात्रही सौम्य असते. किनाऱ्यापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर एका घरगुती बिऱ्हाडात आम्ही नोव्हेंबरातच खोली ठरवून ठेवली.

मग खर्च मांडला. जाऊन-येऊन आणि इकडेतिकडे मिळून 290 किलोमीटर. आमची गाडी लिटरला 16 किलोमीटर चालते, म्हणजे पेट्रोलचे 1,900 रुपये. दोन रात्रींची खोली 3,000, जेवणखाण 2,000, मुलांची खरेदी 300 आणि अडीअडचणीसाठी 800. एकूण 8,000. पहिल्या दिवसाची शिदोरी घरची : चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, दशम्या आणि डबाभर चिवडा. त्याखाली सौभाग्यवतींनी आणखी एक रकाना आखला : ‘रिकामा वेळ’. दिवसाला एकच ठिकाण; बाकी सारा वेळ शिल्लक.

शनिवारी एक वाजता निघालो. शिनोळीवरून चंदगड तालुक्यात शिरलो. तासाभराने थांबायचे आणि मुलांना मोकळे धावू द्यायचे, हा नियम पाळला. घाटापूर्वी पोटभर खाणे वर्ज्य. अर्धी चपाती आणि आलेपाकाची वडी. पाण्याची बाटली सांभाळण्याचे काम धाकट्याकडे, मैलाचे दगड वाचण्याचे थोरलीकडे. आंबोलीचा घाट उतरलो तरी कोणाला मळमळले नाही. दाणोलीला पोहोचेपर्यंत स्वेटर आपोआप उतरले होते.

सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी बसून शिदोरी सोडली आणि चितार आळीत लाकडी खेळणी पाहिली. दोन भोवरे घेतले. दुकानातली म्हातारी धाकट्याला “ये रे बाळा” अशा काहीशा लाडाच्या सुरात काही बोलली. आमच्या घरी कोकणी बोलतात, पण बाहेर मराठी आणि कानडी. तेव्हा ती भाषा आपल्या आजीने घरच्यासाठी केलेली आहे, अशी चिरंजीवांची समजूत होती. त्याने हळूच विचारले, “बाबा, ही आजीची कोण?” त्या म्हातारीची बोली आमच्या बोलीहून थोडी निराळी होती, पण त्याला उत्तर देताना आम्ही म्हटले, “बहीण असेल.”

रविवार सारा समुद्राचा. मंगळवारी पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. घरमालकांना विचारले, तर म्हणाले, “सकाळी पाण्याकडे नको. दुपार उलटली की ओहोटी लागेल, तेव्हा न्या.” त्याप्रमाणे दुपारनंतर गेलो. मुले घोट्याएवढ्या पाण्यात, आमच्या हाताच्या अंतरावर. उरलेला वेळ वाळूत विहीर खणण्यात गेला. सकाळी अंगणात स्टीलच्या ताटलीत समुद्राचे थोडे पाणी उन्हात ठेवले होते.

आता कबुली द्यावयाची ती सोमवारची. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 या काळात शिरोड्याच्या शाळेत शिकवीत होते. ती शाळा पाहण्याची आमची विद्यार्थिदशेपासूनची इच्छा. सोमवारचे ‘एक ठिकाण’ आम्ही त्यासाठीच राखले होते. सकाळी कन्येने विचारले, “बाबा, कालची विहीर भरली असेल का?” आम्ही घड्याळाकडे पाहिले. आदल्या वर्षीचा तिचा दंड आठवला. घड्याळ खिशात घातले आणि किनाऱ्याकडे निघालो.

विहीर अर्थातच बुजली होती. ती नव्याने खणण्यात दोन तास गेले. परत आलो तेव्हा ताटलीत पांढरा पापुद्रा धरला होता. समुद्राच्या एका लिटरात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ते बोटाने चाटून मुलांनी तोंडे वाकडी केली. याच मिठासाठी 1930 साली शिरोड्यात माणसांनी सत्याग्रह केला, हे आम्ही तिथेच सांगितले. वर्गात हा धडा इतक्या शांतपणे आजवर कोणी ऐकलेला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरी सहलीचा बेत होईल तेव्हा वडिलांकडून तो कागद मागून घ्या आणि त्यात रिकाम्या वेळाचा रकाना आहे की नाही तेवढे पाहा. त्याला पैसे पडत नाहीत. आमचे अडीअडचणीचे 800 रुपये जसेच्या तसे परत आले. खांडेकरांची शाळा राहिली, ती राहिलीच.

परवा ती जुनी वही काढली. अंदाजपत्रकाच्या तळाशी, पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत कन्येने केव्हातरी लिहून ठेवले आहे : ‘पुढच्या वेळी. मोठी ताटली घेणे. बाबांची शाळा बघणे.’